टपावरच्या रूफ बॉक्सचे कुलूप थंडीत वारंवार धरत असेल तर

जर्मनीतल्या म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिश-पार्टेनकिर्खेन गावाच्या दिशेने हिवाळ्यात निघणाऱ्या गाड्यांच्या टपावर रूफ बॉक्स असणे ही इकडची नेहमीची गोष्ट आहे आणि आता त्यांत मराठी कुटुंबांच्या गाड्याही पुष्कळ दिसतात. मुलांच्या स्की, बर्फावरच्या घसरगाड्या, जाड बूट असे सगळे त्या पेटीत भरले जाते आणि नेमके डोंगरपायथ्याच्या वाहनतळावर, हात गारठलेले असताना, कुलूप धरून बसते. आमच्या गाडीवरची आणि शेजारपाजारच्या गाड्यांवरची अशी कुलपे मी बरेच हिवाळे सोडवत आले आहे. बहुतेक जण बर्फ वितळवून थांबतात, आतले पाणी तसेच राहते आणि दुसऱ्या रात्री तेच कुलूप पुन्हा गोठते, असे मला दरवेळी दिसते. म्हणून पुढचे उपाय कुलूप उघडण्यापुरते न ठेवता ते पुन्हा धरू नये इथपर्यंत दिले आहेत. ज्याला काही खर्च नाही ते आधी करावे; हत्यार हातात घेण्याची वेळ सहसा येत नाही.

लक्षणे

किल्ली कोणत्या टप्प्यावर अडते हे नीट पाहिले, तर अर्धे निदान तिथेच होते.

किल्ली भोकात अर्ध्यापर्यंतच जाते आणि पुढे टणक काहीतरी लागते, तेव्हा भोकातच बर्फ आहे. किल्ली पूर्ण आत जाते पण तसूभरही फिरत नाही, तेव्हा एकतर कुलपातल्या धातूच्या पट्ट्या गोठल्या आहेत किंवा झाकणावरच्या दाबामुळे ते पकडून ठेवणारे आकडे (हूक) ताणले गेले आहेत. या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. किल्ली फिरते, आकडे सुटल्याचा आवाजही येतो, पण झाकण उचलत नाही, तेव्हा कुलूप ठीक असून झाकणाची कड खालच्या भागाला चिकटली आहे.

चौथे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. झाकण बंद केल्यावर किल्ली पुरती फिरत नाही किंवा फिरूनही बाहेर निघत नाही. बहुतेक रूफ बॉक्सची रचनाच अशी असते की सगळे आकडे आपापल्या खाचांत बसल्याशिवाय किल्ली निघू नये. म्हणून अडकलेली किल्ली हा कुलपाचा दोष समजू नये. झाकण नीट लागलेले नाही, हे ती सांगत असते.

शेवटचे लक्षण म्हणजे तापमान दिवसभर शून्याच्या वर राहिले, गाडी उन्हात उभी होती, तरीही कुलूप जड चालते. हा बर्फाचा प्रश्न नाही. तिथे घाण, गंज किंवा झीज शोधावी.

पाणी आत जाते कुठून

या कुलपात एक लहान दंडगोल असतो आणि त्यात पातळ धातूच्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. योग्य किल्ली या सगळ्या पट्ट्यांना एका पातळीत आणते, तेव्हाच दंडगोल फिरतो आणि पेटीच्या लांबीभर असलेला दांडा सरकवून दोन-तीन ठिकाणचे आकडे सोडतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. एका पट्टीभोवती थेंबभर पाणी गोठले, तरी ती एक पट्टी जागची हलत नाही आणि तेवढ्याने पूर्ण कुलूप अडते.

हे पाणी पडत्या बर्फातून थेट कमीच येते. जास्त येते ते वितळण्यातून. टपावर बर्फाचा थर घेऊन गाडी तळघरातल्या गॅरेजमध्ये जाते, तिथे तो थर हळूहळू वितळून झाकणाच्या कडेवरून कुलपापर्यंत ओघळतो आणि सकाळी गाडी उणे आठ अंशांत बाहेर पडते. आल्प्सच्या उत्तरेकडे ‘फ्यॉन’ (Föhn) नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो, तेव्हाही हेच होते: भर जानेवारीत दुपारी सगळे पाणी-पाणी होते आणि वारा पडला की रात्री ते जिथल्या तिथे गोठते. गाडी धुण्याच्या यंत्रातले जोराचे फवारे पाणी थेट भोकात दाबतात. त्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाची भर पडते. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते हे खरे; पण मीठ ओल धरून ठेवते आणि कुलपातल्या जस्तमिश्रित धातूला खाते. कुलपाच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसू लागली, की ती या गंजाची खूण समजावी.

पहिली तपासणी: किल्ली, बाजू आणि तापमान

गाडीतल्या फलकावर बाहेरचे तापमान पाहावे. मग किल्ली खरोखर याच पेटीची आहे का ते पाहावे. टपावरच्या आडव्या दांड्यांच्या पायांनाही कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात. पुष्कळ पेट्यांत किल्लीवर आणि कुलपाच्या तोंडावर एकच क्रमांक कोरलेला असतो. तो जुळवून पाहायला क्षणभर लागतो. दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या पेटीत सहसा दोन्ही बाजू एकाच वेळी उघडत नाहीत, म्हणून दुसरी बाजू अर्धवट उघडी राहिलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे. आणि एक बाजू गोठली असेल तर दुसरी उघडून पाहावी. वाऱ्याच्या आडोशाला असलेली बाजू अनेकदा मोकळी असते आणि तेवढ्याने काम भागते.

दुसरी तपासणी: झाकणावरचा दाब

झाकणावरचा बर्फ मऊ ब्रशने पूर्ण झाडावा. टपावरचा बर्फ उतरवूनच गाडी रस्त्यावर आणावी असे नियमही सांगतात. पण इथे कारण वेगळे आहे. ओला बर्फ जड असतो, तो झाकण वाकवतो आणि आकडे खाचेत तिरके रुततात. पेटी गच्च भरली असेल तर उलट्या दिशेने तेच होते, कारण आतले जाकिटांचे गाठोडे झाकणाला वर ढकलत राहते. म्हणून एका हाताचा तळवा कुलपाच्या बरोबर वर ठेवून झाकण खाली दाबावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. कुलूप गोठले म्हणून मला बोलावले जाते, त्यांतली बरीच कुलपे एवढ्यानेच उघडतात. जोर झाकणावर द्यावा, किल्लीवर नव्हे.

तिसरी तपासणी: किल्ली कोमट करणे

किल्लीचा धातूचा भाग मुठीत धरून किंवा गाडीच्या हीटरच्या झरोक्यासमोर दोन-तीन मिनिटे ठेवून गरम करावा, भोकात जाईल तिथपर्यंत घालावा आणि न फिरवता अर्धा मिनिट तसाच ठेवावा. मग बाहेर काढून, कोरडी पुसून, पुन्हा गरम करून घालावी. प्रत्येक वेळी किल्ली थोडी पुढे जात असेल तर उपाय लागू पडतो आहे, आणि मग धीर धरून तोच करत राहावा. किल्ली लायटरच्या ज्योतीवर धरू नये, कारण तिची मूठ प्लॅस्टिकची असते आणि कुलपाभोवतीचे कवचही प्लॅस्टिकचेच असते. भोकात तोंडाने फुंकर घालणे तर हमखास उलटते. श्वासातली वाफ गार धातूवर लगेच जमते आणि आणखी एक थर गोठतो.

चौथी तपासणी: डी-आयसर

कुलपासाठीच्या डी-आयसरची, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या द्रवाची, लहान कुपी पेट्रोल पंपावर थोडक्या युरोंत मिळते. त्यात प्रामुख्याने अल्कोहोल असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल साधारण उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि बर्फात मिसळले की ते त्या मिश्रणाचा गोठणबिंदू खाली आणते. कुपीचे टोक भोकात टेकवून थोडेच सोडावे, दोन मिनिटे थांबावे, मग किल्ली चार-सहा वेळा आतबाहेर करावी आणि प्रत्येक वेळी कागदी रुमालाला पुसावी. रुमालावर काळपट ओल उतरते, तेव्हा पट्ट्यांभोवतीचे पाणी आणि मळ बाहेर येत असतो. प्लॅस्टिकवर सांडलेले द्रव पुसून टाकावे.

ही कुपी गाडीत ठेवू नये, आणि पेटीच्या आत तर मुळीच नाही. ती कोटाच्या खिशात असावी. कुपी नसेल आणि काच धुण्याचे हिवाळी द्रव हाताशी असेल, तर त्याचे काही थेंबही चालतात, कारण त्यातही अल्कोहोल असते. हात स्वच्छ करण्याचे जेल मात्र टाळावे. त्यातला चिकट भाग कुलपात मागे राहतो.

उकळते पाणी ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये. पाणी क्षणभर बर्फ वितळवते, पण मूळ प्रश्नच पाण्याचा असताना आपण तेच आत भरतो, आणि ते थंडीत काही मिनिटांत पुन्हा गोठते. शिवाय कडाक्याच्या थंडीत ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकवर एकदम उकळते पाणी पडले, तर तडा जाऊ शकतो.

पाचवी तपासणी: बाहेरून शेक

घरी असाल तर शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून, कुलपावर दहा मिनिटे टेकवून धरावी. यात पाणी पिशवीतच राहते आणि ऊब कुलपाच्या मागे असलेल्या आकड्यापर्यंत पोचते, जिथे डी-आयसर पोचत नाही. जवळ कोरड्या जागी सॉकेट असेल तर केस वाळवण्याचा ड्रायर मध्यम तापमानावर, एका जागी न थांबवता, फिरवत वापरता येतो. रंग काढण्याची हीट गन कधीही वापरू नये. तिची हवा ५०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि या पेट्या ज्या एबीएस प्लॅस्टिकच्या असतात ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकते.

गाडी उबदार गॅरेजमध्ये दोन तास उभी करणे हा सर्वांत सौम्य उपाय आहे. आत जाण्यापूर्वी प्रवेशद्वारावरची उंचीची पाटी जरूर वाचावी. अनेक गॅरेजांची मर्यादा २ मीटरच्या आसपास असते आणि रूफ बॉक्ससह गाडीची उंची त्याहून अधिक भरू शकते.

झाकण चिकटले असेल तर

किल्ली फिरली आणि झाकण हलत नसेल, तर कुलपाला आणखी त्रास देऊ नये. कडेच्या पूर्ण लांबीवर तळहाताने हलके थोपटत जावे. आतली बर्फाची पापुद्र्यासारखी रेघ तडकल्याचा आवाज ऐकू येतो. जिथे चिकटून राहील तिथे जुने प्लॅस्टिकचे कार्ड सरकवावे. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, त्याने कडेला कायमची खोच पडते आणि पुढच्या वेळी पाणी तिथूनच आत येते. उचलताना झाकण दोन्ही टोकांना धरून सारखे उचलावे. एकाच टोकाने ओढले, तर दुसऱ्या टोकाची बिजागरी थंडीत तुटते.

किल्ली निघत नसेल तर

झाकण उघडून प्रत्येक आकडा ज्या खाचेत बसतो ती खाच टॉर्चने पाहावी. नखाएवढा जाड, काचेसारखा पारदर्शक बर्फाचा थर तिच्या तळाशी जमलेला असतो आणि पारदर्शक असल्यामुळेच तो सहज नजरेतून सुटतो. बोट फिरवले की लगेच कळतो. आइसक्रीमच्या काडीने तो खरवडून काढावा, खाच कागदाने कोरडी करावी, मधला दांडा मोकळा सरकतो का ते पाहावे आणि मग झाकण लावावे. जाकिटाचा पट्टा किंवा हातमोज्याचे टोक कडेत अडकलेले नाही ना, हेही तेव्हाच पाहावे.

इथे मी अजिबात तडजोड करत नाही आणि कोणी करू नये. किल्ली कुलपात ठेवून, झाकण वरून बरे बसलेले दिसते म्हणून, निघायचे नाही. वेगात हवा झाकणाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि ते उघडले की आतल्या स्की मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर जाऊ शकतात. जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमांचे कलम २२ सांगते की अचानक ब्रेक लागला तरी सामान घसरणार किंवा पडणार नाही असे ते ठेवले पाहिजे.

उलट, बंद स्थितीत गोठलेले कुलूप ही फक्त गैरसोय आहे. झाकण नीट लागलेले असेल, अंधार पडत असेल आणि आतले काही तातडीने लागणार नसेल, तर वाहनतळावर झटापट न करता तसेच घरी यावे आणि गॅरेजमध्ये सावकाश उघडावे. हे शक्य व्हावे म्हणून औषधे, पासपोर्ट आणि मुलांचे कोरडे कपडे कधीही रूफ बॉक्समध्ये ठेवू नयेत.

उघडल्यानंतरचे काम

कुलूप उघडले की लोक निघून जातात आणि तक्रार दोन दिवसांनी परत येते. अल्कोहोलने बर्फाबरोबर आतले वंगणही धुऊन नेलेले असते, त्यामुळे त्यानंतर कोरडे पडलेले कुलूप पूर्वीपेक्षा लवकर अडते. गाडी रात्रभर उबदार जागी ठेवून, झाकण उघडे ठेवून, पेटी आतून सुकू द्यावी. ओल्या स्की आत राहिल्या तर त्यांची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमून ओघळते, म्हणून त्या घरात आणाव्यात आणि पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राचे जाड थर पसरावेत. किल्ली आत घालून पुसल्यावर कागद कोरडा राहू लागला, की मगच वंगण घालावे.

वंगण म्हणून ग्रॅफाइटची भुकटी किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, यांपैकी एकच निवडावे. दोन्ही एकत्र केले तर लगदा होतो. घरात हाताशी असलेली तेले इथे कामाची नाहीत. खोबरेल तेल तर २४-२५ अंशांनाच थिजते. पुण्यात डिसेंबरमध्ये बाटली उन्हात ठेवावी लागते, तेच तेल उणे आठ अंशांत कुलपाच्या पट्ट्या सिमेंटसारख्या धरून ठेवील. ग्रीस आणि जाड यंत्रतेलही थंडीत घट्ट होते आणि धूळ धरते. पाणी हटवणारे प्रसिद्ध निळ्या-पिवळ्या डब्यातले स्प्रे ओल काढायला ठीक आहेत. मात्र त्यांच्यावर पूर्ण हिवाळ्याचे वंगण म्हणून विसंबू नये.

झाकणाच्या कडेला रबरी पट्टी असेल तर तिला सिलिकॉन किंवा इकडे मिळणारी हरणाच्या चरबीची कांडी फिरवावी. गाडी धुण्याआधी आणि बर्फाचा अंदाज असलेल्या रात्री कुलपाच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. तिचा एक कोपरा दुमडून ठेवला म्हणजे हातमोज्यांनीही ती निघते. गाडीच्या दारासाठी मिळणारी चुंबकाची झाकणे इथे उपयोगी नाहीत, कारण पेटी प्लॅस्टिकची असते.

दंडगोल काढून पाहणे

हे सर्व करूनही कुलूप जड चालत असेल, आणि पेटीसोबतच्या पुस्तिकेत दंडगोल काढण्याची रीत दिली असेल, तरच हे करावे. अनेक पेट्यांत त्यासाठी उत्पादकाची वेगळी किल्ली लागते. काढलेला दंडगोल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, हलवून, पूर्ण वाळवावा आणि किल्ली घालून सगळ्या पट्ट्या मोकळ्या हलतात का ते पाहावे. एखादी पट्टी आत दाबल्यावर परत बाहेर येत नसेल तर तिची स्प्रिंग गेली आहे. पांढरा गंज खोलवर असेल तर साफसफाईवर वेळ घालवू नये. नवा दंडगोल घ्यावा. मी पूर्वी अशी कुलपे वाचवण्याचा आग्रह धरत असे, आता धरत नाही, कारण ती पुढच्या कडक थंडीत हमखास पुन्हा अडतात.

थांबावे कुठे

किल्ली पिळली जाते आहे असे बोटांना जाणवले की थांबावे. किल्लीच्या मानेवर बारीक फिकट रेघ दिसली, तर ती तुटण्याच्या बेतात आहे. तिच्याऐवजी दुसरी किल्ली वापरावी. पक्कड किल्लीला लावू नये, कारण ज्या जोराला बोटे नकार देतात त्याच जोराला किल्ली मोडते. तुकडा आत राहिला तर त्यावर डिंक लावून ओढण्याचे प्रयोग करू नयेत. दंडगोलच चिकटून बसतो. किल्ली काहीही अडथळा न येता गोल फिरत राहिली, तर आतला दांडा सुटला आहे आणि ते बाहेरून दुरुस्त होत नाही. ड्रिलने कुलूप पोखरणे घरी करू नये, कारण मागचा दांडा आणि पातळ कवच दोन्ही जातात आणि कुलपाऐवजी पूर्ण पेटी बदलावी लागते.

झाकण लागत नसलेल्या अवस्थेत तुम्ही रस्त्यावर असाल, तर पेटी रिकामी करून सामान गाडीच्या आत घ्यावे आणि शक्य असेल तर पेटीच टपावरून उतरवावी. ते जमत नसेल तर तिथेच थांबून रस्त्यावरील मदत मागवावी; एडीएसीसारख्या वाहनचालकांच्या संघटनेचे सदस्यत्व असेल तर पहिला फोन तिथे करावा. महामार्गाच्या कडेला उभे राहून कुलपाशी खटपट करू नये.

घाई नसेल तर पेटी विकणाऱ्या दुकानाकडे किंवा नेहमीच्या गॅरेजकडे जावे. किल्लीवरचा क्रमांक सांगितला तर पुष्कळ उत्पादकांची दुसरी किल्ली किंवा जुळणारा दंडगोल मागवता येतो, म्हणून तो क्रमांक आजच फोनमध्ये लिहून ठेवावा. कुलपाच्या तोंडावरची अक्षरे मिठाने पुसट होतात. कुलूप उघडून देणाऱ्या कारागिराला बोलवायचेच असेल, तर तो निघण्यापूर्वी फोनवरच येण्याजाण्यासह पूर्ण रक्कम, रात्रीचा किंवा सुट्टीचा अधिभार आणि कुलूप न पोखरता उघडण्याचा तो आधी प्रयत्न करणार आहे का, हे तिन्ही स्पष्ट विचारून घ्यावे. उत्तर मोघम आले तर दुसऱ्याला फोन करावा.